चहा पाण्यात धरायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील अकोल्याला असतात, वय ६८, बीपीची गोळी चालू आहे. दिवसाला पाच-सहा चहा, दुपारी जेवताना दोन ग्लास ताक, संध्याकाळी फिरायला गेले की अधूनमधून उसाचा रस. साधं पाणी मात्र जेमतेम दोन ग्लास. आई म्हणते, चहा म्हणजे काही पाणी नव्हे. वडील विचारतात, मग चहात काय रेती असते? मुलीने पुण्याहून तासातासाच्या खुणा असलेली दोन लिटरची बाटली पाठवली, ती फ्रिजवर धूळ खातेय. यात बरोबर कोण, असं तिने विचारलंय.

ताई, वादापुरतं बोलायचं तर वडील बरोबर आहेत. पण म्हणून त्यांचं जे चाललंय ते बरं चाललंय असं मी म्हणणार नाही. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. चहा-ताकातलं पाणी शरीराच्या हिशेबात जमा होतं का, हा एक. आणि बीपीच्या गोळीवर असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला अकोल्याच्या मे महिन्यात एवढं पुरतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी डोळे मिटून देईन. दुसऱ्यासाठी मला त्यांचा कप बघावा लागेल. थट्टा करत नाहीये, पुढे सांगते.

मी बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात आणि डायलिसिस युनिटमध्ये गेली. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवलेला असतो. डाव्या बाजूला आत काय गेलं, उजव्या बाजूला बाहेर काय आलं. डावीकडचं वाचा: सकाळी सात, चहा १००. आठ, गोळीबरोबर पाणी ५०. दहा, दूध २००. साडेबारा, वरणाचं पाणी १५०. मध्ये सलाईन ५००. सिस्टर चहाची नोंद कधीच गाळत नाही. गाळली तर राउंडला तिची खरडपट्टी निघेल. घराघरांत ज्यावरून भांडण होतं, त्याचा निकाल वॉर्डात कधीच लागलाय.

माझी स्वतःची खात्री मात्र या तक्त्याने पटली नव्हती. ती पटली उलट्या बाजूने. डायलिसिसवरचे एक गृहस्थ होते, लघवी जवळजवळ बंद झालेली. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरची मर्यादा घातली होती. शुक्रवारी डायलिसिस करून गेले आणि सोमवारी आले ते चार किलो वजन वाढवून. पायावर सूज, उताणं झोपलं की दम. त्यांची बायको पिशवीतून एक लिटरची बाटली काढून म्हणाली, ‘मॅडम, रोज सकाळी ही भरते, दिवसभर ह्यातलंच देते. वरून थेंब नाही.’ बाई खरं बोलत होत्या. मी विचारलं, चहा? ‘चार वेळा. पण तो चहा झाला ना.’ ताक? ‘जेवताना, वाटीभर.’ वरण? ‘पातळच लागतं त्यांना.’ रात्री टरबुजाच्या दोन फोडी. बेरीज केली तर दोन लिटरच्या पुढे गेली. त्या चार किलोंत चहाचा वाटा होता, ताकाचा होता, टरबुजाचा होता. चहा आहे म्हणून शरीराने त्यांना सूट दिली नव्हती.

मग ‘चहाने लघवी होते, प्यालेलं सगळं निघून जातं’ याचं काय? कॅफिनने लघवी थोडी वाढते हे खरं आहे. पण एका कपात कॅफिन असतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत एका चहाला ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलंय आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलंय. एवढ्या मात्रेने कपभर पाणी बाहेर पडत नाही, आणि रोज चहा घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावलेलंही असतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात २१ निरोगी पुरुषांना बारा तासांत २४० मिलीचे सहा मग चहा दिला आणि दुसऱ्या खेपेला तेवढंच उकळलेलं पाणी. दोन्ही वेळचं रक्त आणि लघवी तपासली, तर सांगण्यासारखा फरक नव्हता. २०१४मध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांवर तीन दिवस, दिवसाला चार कप, असाच प्रयोग झाला. निष्कर्ष तोच.

त्याहून मजेशीर प्रयोग २०१६चा. ७२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेयं दिली, प्रत्येक वेळी एक लिटर अर्ध्या तासात, आणि पुढे लघवी मोजत गेले. चहा, कॉफी, कोला, अगदी सौम्य बिअरसुद्धा दोन तासांच्या हिशेबात साध्या पाण्याच्या बरोबरीने राहिली. पाण्यापेक्षा जास्त टिकलं ते दूध आणि ओआरएस. कारण साधं आहे. गडूभर पाणी एकदम ढोसलं की रक्त क्षणभर पातळ होतं आणि मूत्रपिंडं ते जादा पाणी भराभर बाहेर काढतात. दुधात सोडियम, पोटॅशियम, प्रथिनं, साखर असते. ते पोटातून सावकाश पुढे सरकतं आणि त्यातलं मीठ पाण्याला अंगात धरून ठेवतं. जेवताना प्यालेलं पाणी आणि मीठ घातलेलं ताक अंगी लागतं ते याच हिशेबाने. उन्हातून आलेल्याला आपल्याकडे नुसतं पाणी देत नाहीत, हातावर गुळाचा खडा ठेवतात किंवा मठ्ठा पुढे करतात. त्यात शहाणपण आहे.

(बिअरचं वाचून कोणी खूश होऊ नका. अल्कोहोल मेंदूतून सुटणारं पाणी राखायचं हार्मोन दाबतं, आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकं हे नुकसान जास्त. व्हिस्की पाण्यात धरायची नाही.)

मग ‘रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं’ म्हणतात, त्याचं काय? १९४५ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं. त्याच परिच्छेदात पुढचं वाक्य होतं की यातलं बरंचसं तयार अन्नातच असतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं मागे राहिलं. आजचे आकडेही अन्न धरूनच आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१०मध्ये पुरुषांना अडीच आणि स्त्रियांना दोन लिटर सांगितलं, तेही समशीतोष्ण हवेत, बेताच्या हालचालीत, सगळी पेयं आणि अन्न मिळून. अमेरिकेचा पुरुषांसाठीचा ३.७ लिटरचा आकडा ऐकून लोक घाबरतात. तिथले लोक प्रत्यक्षात जेवढं घेतात त्याच्या मध्यावर तो बेतलेला आहे, त्याखाली गेलात की आजारी पडाल असा त्याचा अर्थ होत नाही.

आता कपाकडे येते. ओपीडीत मी पेशंटला सांगते, पुढच्या वेळी तुमचा नेहमीचा कप घेऊन या. माझ्याकडे मोजपात्र आहे, त्यात ओतून बघायचं. टपरीवरचा कटिंग ६०-७० मिलीचा भरतो. घरचा बशीवाला कप १२० चा. एका आजींनी ‘आमचा कप’ म्हणून स्टीलचा पेला आणला, तो काठोकाठ २८० चा निघाला. म्हणजे ‘दिवसाला चार चहा’ हे एकाचे पाव लिटर आणि दुसऱ्याचे एक लिटरच्या वर. हे बघितल्याशिवाय मी कुणालाही ‘तुमचं पुरेसं आहे’ किंवा ‘कमी आहे’ असं सांगत नाही.

तुमच्या वडिलांचा कप १२० चा धरू. पाच चहा ६००, ताक ४००, पाणी ५००, झाले दीड लिटर. वर अन्न. शिजलेल्या भातात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असतं, पातळ वरणात त्याहून जास्त, काकडी-टरबुजात नव्वद टक्क्यांच्या वर, पोळीतसुद्धा तिसरा हिस्सा. ते अंदाजे ५०० ते ७०० मिली. एकूण दोन-सव्वादोन लिटर. डिसेंबरात घरी बसणाऱ्या माणसाला हे काठावर चालून जाईल. मे महिन्यात, जिथे पारा ४५ ला टेकतो आणि कूलर सुरू असतानाही अंग सुकतं, तिथे कमी पडेल.

इथपर्यंत वडिलांची बाजू. आता आईची. ‘चहा म्हणजे पाणी नव्हे’ हे वाक्य चुकीचं असलं तरी त्यामागची काळजी चुकीची नाही. शरीर पाणी मोजून घेतं, पण त्याबरोबर आलेलंही सगळं ठेवून घेतं. दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर. पाच कपांचे चाळीस-पन्नास. उसाच्या रसाच्या एका ग्लासात आणखी तीसेक. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ पर्यंत आणा म्हणते. वडिलांचा पाण्याचा कोटा भरो न भरो, साखरेचा मात्र आधीच भरून वाहतोय.

आणि साखर चुकीच्या माणसाला गाठते तेव्हा काय होतं, ते मी विसरूच शकत नाही. एप्रिल संपत आलेला, सव्वीस वर्षांचा पोरगा, हार्डवेअरच्या दुकानात कामाला. तक्रार एकच, तहान भागत नाही. सगळे म्हणत होते, ऊन आहे, पी भरपूर. तो पीत होता. दुपारी उसाचा रस, संध्याकाळी कोल्ड्रिंक, रात्री फ्रिजमधलं सरबत. जेवढं पिई तेवढी लघवी, जेवढी लघवी तेवढी तहान. रात्री चार-पाच वेळा उठायचा. महिन्याभरात सहा किलो उतरला, घरच्यांना वाटलं उन्हाने वाळला. साखर तपासली तर ४८० च्या वर. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडं ती परत शोषून घेऊ शकत नाहीत. ती लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. तो त्या तहानेवर साखरेचंच पाणी ओतत होता. म्हणून माझा नियम आहे: तहान आणि लघवी दोन्ही एकदम वाढल्या, तर ऊन कितीही असो, आधी साखर तपासायची, मग पेयांचं बोलू.

ताकाचं वेगळं. ताक मला स्वतःला फार आवडतं आणि मी ते सर्रास सुचवते. पण बीपीवाल्याच्या ताकात मीठ किती, हे विचारते. ग्लासात पाव चमचा मीठ पडत असेल तर ते सुमारे दीड ग्रॅम. दोन ग्लासांचे तीन. अख्ख्या दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची, आणि अजून भाजी, वरण, लोणचं, पापड यायचेच आहेत. वडिलांच्या ताकात जिरेपूड, कोथिंबीर, किसलेलं आलं घाला, मीठ चिमटीभर. चार दिवस तोंड वाकडं करतील, मग सवय होईल.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाला उत्तम. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी असेल (काही गोळ्या ते करतात), तर रोज शहाळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पन्हं आणि कोकम सरबत चांगलंच, साखर हात राखून घाला. कोकणातल्या मंडळींना वेगळं काही शोधायची गरज नाही, मीठ घातलेली भाताची पेज आहेच.

जुलाब-उलट्यांत मात्र मी ‘सगळी पेयं सारखी’ हे अजिबात ऐकून घेत नाही. तिथे ओआरएसच. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ते जोडीने आत शिरतात आणि पाण्याला बरोबर घेऊन जातात. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. कोला आणि पाकिटातले ज्यूस यांत साखर इतकी दाट असते की ती उलट आतड्यातच पाणी ओढते, जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ओआरएसच्या ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ लिहायला बंदी केली, ती उशिरा का होईना झाली. आणि एक चूक मी दर पावसाळ्यात बघते: एक लिटरची पुडी लोक एका ग्लासात कालवतात, किंवा आज अर्धी, उद्या अर्धी अशी अंदाजाने. मोठी पुडी, पूर्ण लिटर पाणी, एकदम. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं.

वयाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो ना आईच्या बोलण्यात आला ना वडिलांच्या. तरुण माणसाला मी बेधडक सांगते, तहान लागली की प्या, मोजत बसू नका. रक्त एक-दोन टक्के दाट झालं की मेंदू तहान लावतो, ती यंत्रणा भरवशाची आहे. पण साठी-पासष्टीनंतर तहान मंदावते. पाणी कमी पडलेलं असतं आणि माणसाला कळत नाही. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणाऱ्या जातीची असेल तर आणखी. वर रात्री उठावं लागू नये म्हणून पुष्कळ पुरुष दुपारपासूनच पाणी तोडतात. वडिलांना हे हळूच विचारा. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो दाखवायचा, त्यावर तहान मारणं हा उपाय नव्हे. बायकांचं निराळं: शाळेत, बसस्टँडवर, शेतात नीट संडास नसतो म्हणून त्या सकाळपासून घोटभरही घेत नाहीत, आणि मग उन्हाळी लागली म्हणून येतात. त्यांना ‘पाणी प्या’ सांगताना मला माझीच लाज वाटते.

म्हणून ती दोन लिटरची बाटली? जबरदस्तीने नको. या वयात, लघवी वाढवणाऱ्या गोळीवर, एकदम तीन-चार लिटर पाणी ढोसून रक्तातलं सोडियम उतरलेले पेशंट मी पाहिलेत. माणूस गोंधळतो, तोल जातो, घरच्यांना वाटतं लकवा झाला. धडधाकट माणसांनाही हे होतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं, आणि त्याचा संबंध त्यांनी धावताना जास्त पिण्याशी होता.

मी त्यांच्या जागी असते तर असं केलं असतं. पाच चहांतले दोन बिनसाखरेचे, किंवा त्यांऐवजी जिऱ्याचं नाहीतर सब्जाचं पाणी. चहा जेवणाला चिकटून नको, तासभराचं अंतर ठेवा, त्यातल्या टॅनिनने जेवणातलं लोह अडतं. उसाचा रस आठवड्यातून एकदा, गाड्यावरचा बर्फ न घालता. माठातलं पाणी वाढवायचं ते सकाळी उठल्यावर एक पेला, अकराला एक, चारला एक, असं, आणि संध्याकाळी सातनंतर हात आखडता. उन्हात बाहेर पडायचं असेल तर निघण्याआधी ताक. लघवी फिकट पिवळी आणि दिवसात पाच-सहा वेळा होत असेल तर बहुतेक ठीक चाललंय, फक्त बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर विसंबू नका, ती सगळं हळदीसारखं करते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत वांब, बोलण्यात असंबद्धपणा, पायावर सूज किंवा लघवी अचानक कमी, यातलं काही दिसलं तर पेयं बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

हृदयाची कमजोरी, मूत्रपिंडाचा आजार किंवा यकृताचा त्रास यांपैकी काही असेल तर वर सांगितलेलं वाढवायचं गणित बाजूला ठेवा, तिथे मर्यादा डॉक्टर ठरवतात आणि चहा त्या मर्यादेच्या आत येतो. याउलट मुतखडा होऊन गेला असेल तर लघवीच दिवसाला अडीच लिटर व्हावी इतकं प्यावं लागतं, ते वेगळं प्रकरण.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. बीपीच्या गोळीचं नाव. वर्षभरातला क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि साखरेचा रिपोर्ट असेल तर तो. आणि वहीच्या एका पानावर तीन दिवसांची नोंद, किती वाजता काय प्यायले आणि किती वेळा गेले. नोंद वडिलांनीच करावी, ते निवृत्त आहेत, हिशेब आवडेल त्यांना. कप मात्र आईला मोजायला सांगा. औषधाच्या बाटलीबरोबर ते मिलीच्या खुणांचं छोटं टोपण येतं, त्याने भरत जायचं.